सुतक नसलेला भाऊ

महिपत भोईरने सख्ख्या भावाशी संगनमत करून कंपनी खाल्ली, ही बातमी नवदीप सोसायटीत पहिल्यांदा बी विंगच्या लिफ्टमध्ये आली, आणि तळमजल्यावर उतरेपर्यंत तिला दोन फ्लॅट आणि एक गाडी चिकटली होती. इस्त्रीवाल्याकडे पोचली तेव्हा फ्लॅट तीन झाले. दूधवाल्याने स्वतःच्या पदरचा राई गावातला बंगला घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनना कोणाच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा पाठ असतं. त्यांनी मात्र ठामपणे मान हलवली. त्यांचं म्हणणं, महिपतभाईला भाऊच नाही. अकरा वर्षांत दिवाळीला, गणपतीला, साध्या आजारपणालासुद्धा त्या घरात भाऊ म्हणून कोणी आलेला त्यांनी पाहिला नाही, आणि हंसाबेनच्या नजरेतून सुटून जिना चढणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

दोन्ही बातम्या खोट्या. भाऊ आहे. त्याचं नाव दत्ताराम, आणि राईत त्याचा बंगला नाही, बापाच्या जुन्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. राहिली संगनमताची गोष्ट. हे दोघे भाऊ अकरा वर्षांत एका पंगतीला बसलेले नव्हते, तर एकत्र खाणार काय आणि कधी?

महिपत अंगाने आडवा, आवाजाने बारीक आणि स्वभावाने असा, की त्याच्याबरोबर भाजी आणायला जाऊ नये. प्रत्येक टोमॅटो अंगठ्याने दाबून बघणार. भाजीवाली ओरडायची, "दादा, घ्यायचाय की मालिश करताय?" तरी दाबायचं सोडायचा नाही. सोसायटीचे जिन्यातले बल्ब बदलायचे तर हा तीन कोटेशन मागणार. बिल्डिंगला रंग काढायचा होता तेव्हा आलेल्या तीन ठेकेदारांत एक याच्या बायकोचा चुलतभाऊ होता. महिपत मीटिंगमध्ये उभा राहिला, म्हणाला की तो माझा मेव्हणा लागतो, मी मत देणार नाही, आणि दार ओढून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, ज्या मेव्हण्याची याला इतकी लाज वाटते तो काय रंग काढणार. काम दुसऱ्याला गेलं. वर्षाच्या आत भिंतींना पोपडे आले. सगळ्यांनी शिव्या महिपतला घातल्या.

नोकरी भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत. चोवीस वर्षांपूर्वी माल उचलायला म्हणून लागला आणि उचलता उचलता स्टोअरचा इन्चार्ज झाला. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू आधी त्याच्या अंगठ्याखालून जायची, मग कंपनीत.

सहा वर्षांपूर्वी अंधेरीच्या हेड ऑफिसने नवा नियम काढला. पुरवठादार निवडण्यात ज्यांचा हात आहे, त्यांनी दर एप्रिलमध्ये फॉर्म भरायचा: तुमचा कोणी नातेवाईक कंपनीला माल पुरवतो का, पुरवायची शक्यता आहे का? फॉर्ममध्ये नातेवाईक म्हणजे कोण तेही छापलं होतं. नवरा किंवा बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं. चार ओळी. बाकीचे लोक चारही ओळींत 'लागू नाही' लिहून चहा प्यायला जायचे. महिपतने पहिल्याच वर्षी पाठीमागे दोन जादा कागद जोडले. राईतली भोईरांची सगळी भावकी त्याने त्यात उतरवली. टेम्पो चालवणारा चुलतभाऊ, जेसीबी भाड्याने देणारा आत्याचा नातू, पाण्याचे जार पोचवणारा मावसभावाचा जावई. एकूण एकसष्ट नावं, नात्यासकट, धंद्यासकट. एचआरवाले पोट धरून हसले. एकाने विचारलं, तुझ्या राईत नातं नसलेला कोणी आहे का? महिपत शांतपणे म्हणाला, "आहेत ना. टॉवरमधले."

दरवर्षी यादी नव्याने लिहायचा. कोणी गेलं तर नाव काढायचा, लग्न झालं तर जावई जोडायचा; आकडा फिरून एकसष्टवरच यायचा. आणि मुख्य फॉर्ममधल्या 'सख्खी भावंडं' या ओळीसमोर दरवर्षी एकच शब्द लिहायचा: नाही.

तो खोटं लिहीत नव्हता. निदान त्याला तसं वाटत नव्हतं. त्यासाठी अकरा वर्षं मागे जावं लागेल.

महिपतचा बाप, हिराजी भोईर, एकतीस मार्चला दुपारी गेला. एकतीस मार्च म्हणजे कंपनीत वर्षाची मालमोजणी. सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा, मोजणी संपेपर्यंत आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. दत्तारामने आठ फोन केले. मग गावातला एक माणूस मोटरसायकलवर धाडला. वॉचमनने त्याला गेटवरूनच परत पाठवलं, म्हणाला, मोजणी चालू आहे, निरोप संध्याकाळी देतो. इकडे ऊन उतरायला लागलं. भावकीतले म्हातारे म्हणाले, दिवस मावळायच्या आत आटपा. दत्ताराम धाकटा. त्याने अग्नी दिला. महिपत गेटबाहेर आला तेव्हा सात वाजले होते, आणि वॉचमनने मोबाईल आणि निरोप एकदमच त्याच्या हातात ठेवला.

थोरला मुलगा जिवंत असताना, आठ किलोमीटरवर असताना, धाकट्याने अग्नी दिला. महिपतला कंपनीचा राग यायला हवा होता. पण कंपनीवर रागावून कुठे जाणार? राग भावावर काढणं सोपं होतं. दहाव्याला खाडीवर सगळी भावकी जमलेली असताना, डोकं भादरून झाल्या झाल्या, तो दत्तारामसमोर उभा राहिला आणि गावच्या बोलीत म्हणाला, "आजपासून तुजा सुतक मना न्हाय. माजा तुला न्हाय."

हे वाक्य शहरातल्या माणसाला नुसतं भांडण वाटेल. राईत ते भांडण नव्हतं, निकाल होता. ज्याच्या मरणाचं सुतक आपल्याला लागत नाही, तो आपला कोणी नाही. भावकीने ऐकलं, कोणी मध्ये पडलं नाही, म्हणजे मान्य झालं. महिना भरायच्या आत महिपत गाव सोडून नवदीपमध्ये राहायला आला. घरात दत्तारामचं नाव बंद झालं. बायको द्वारका बोलण्याच्या ओघात कधी अडलीच तर 'राईवाले' म्हणायची.

तोंडाने बोलणं एक आणि पाळणं एक. महिपतने पाळलं. चार वर्षांपूर्वी दत्तारामची बायको गेली, ती गणपतीच्या तीन दिवस आधी. भोईरांच्या अकरा घरांत त्या वर्षी गणपती बसला नाही, सगळ्यांना सुतक. एका घरात बसला. नवदीपच्या दुसऱ्या मजल्यावर. आरास झाली, आरती झाली, द्वारकाने मोदक केले. ते मोदक सोसायटीत सगळ्यांनी खाल्ले, कोणी चार, कोणी सहा, आणि द्वारका स्वयंपाकघरात डोळे का पुसतेय ते कोणाला कळलं नाही. नारळ खवताना पाणी येतं, असं तिने सांगितलं. नारळाने कोणाच्या डोळ्याला पाणी येत नाही, हे नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं.

तर असा हा माणूस, आणि असा त्याचा 'नाही'.

गेल्या वर्षी कंपनीला नवा खोकेवाला हवा होता. जुन्या पुरवठादाराचे पुठ्ठ्याचे खोके दमट हवेत मऊ पडायचे, खालच्या थरातल्या बाटल्यांना पोचे यायचे, माल परत यायचा. निवड तिघांनी करायची: पर्चेसचा हेड धर्मेश, क्वालिटीची एक मुलगी आणि स्टोअरचा महिपत. तीन जणांचे नमुने आले. महिपतची परीक्षा ठरलेली होती. स्टोअरच्या मागच्या भिंतीला जिथे ओल धरते तिथे भरलेले खोके सात दिवस एकावर एक रचून ठेवायचे आणि आठव्या दिवशी सगळ्यात खालच्या खोक्याचा कोपरा अंगठ्याने दाबायचा.

पहिल्याचा कोपरा जरा दबला. दुसऱ्याचा खोका उचलतानाच बूड सुटलं आणि चोवीस बाटल्या स्टोअरभर गडगडत सुटल्या. एक जाऊन धर्मेशच्या बुटाला लागली. तो नमुना धर्मेशच्या साडूच्या फर्मचा होता, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्याचा कोपरा दाबून दाबून महिपतचा अंगठा लाल झाला, पण कोपरा कोपराच राहिला. खोक्यावर छापलं होतं: रुचिता पॅकेजिंग, राई.

रुचिता दत्तारामची मुलगी. तिच्या बारशाला पाळण्याची दोरी महिपतने धरली होती.

त्या संध्याकाळी त्याला दोन वाटा दिसत होत्या, दोन्ही सरळ. एचआरला जाऊन सांगायचं, हा माझा सख्खा भाऊ आहे, मला यातून वगळा. पॅसेजमध्ये जाऊन उभं राहायची त्याला सवय होतीच. किंवा खोका खोक्यासारखा तपासायचा आणि गप्प बसायचं. पहिल्या वाटेवर एक शब्द उच्चारावा लागत होता. तो शब्द तोंडातून काढला तर दहाव्याचं वाक्य गेलं, अकरा वर्षं गेली, तो गणपती गेला. मग ते सगळं कशासाठी केलं होतं? आणि कमी गुण द्यावेत तर राईत म्हणाले असते, महिपतने डाव साधला. त्याने दहापैकी नऊ दिले. एक गुण छपाई जरा फिकट होती म्हणून कापला. सही केली आणि घरी गेला. द्वारकाला काही बोलला नाही.

काम रुचिता पॅकेजिंगला मिळालं. आठ महिने खोके आले, एकही मऊ पडला नाही. मग हेड ऑफिसच्या तक्रारपेटीत एक निनावी ईमेल पोचली. कोणी पाठवली ते सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे इथे नाव घेणं बरं नाही. एवढंच सांगता येईल, की ती पाठवणाऱ्याच्या बुटाला कधीतरी बाटली लागली असावी.

चौकशीला अंधेरीहून नीलम मॅडम आल्या. वयाने महिपतहून लहान, बोलायला मऊ, आणि तयारी करून आलेल्या. कॉन्फरन्स रूममध्ये त्या, बाजूला विभागप्रमुख म्हणून धर्मेश आणि समोर महिपत. टेबलावर दोन कागद. एक रुचिता पॅकेजिंगची नोंदणी, दुसरा महिपतचा फॉर्म, मागच्या जादा पानांसकट.

मॅडमनी विचारलं, "हिराजी भोईर तुमचे कोण?"

"वडील."

"आणि दत्ताराम हिराजी भोईर यांचे कोण?"

महिपतने टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. कंपनीचीच होती, झाकणाला बारीक ओरखडा होता. तो माल त्याने पास केला नसता.

मॅडमनी वाट पाहिली. शेवटी महिपत म्हणाला, "मॅडम, त्याचं सुतक मला नाही."

मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या, त्यांना शब्द कळला. पण फॉर्मात सुतकाची ओळ नाही, एवढंच त्या म्हणाल्या. धर्मेशने मागची पानं उलटली, नावांवरून बोट फिरवलं आणि अगदी दुःखी आवाजात बोलला, "एकसष्ट नातेवाईक आठवले, मॅडम. मावसभावाच्या जावयाचे पाण्याचे जार आठवले. एका आईच्या पोटातला तेवढा राहिला."

महिपतला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आपण काय करून ठेवलंय. ज्याने चार ओळींत 'लागू नाही' लिहिलं असतं तो विसरला म्हणून सुटला असता. एकसष्ट नावं लिहिणारा विसरत नाही. तो लपवतो. सहा वर्षं त्याने इमानदारीने जे दोन कागद जोडले होते, तेच आता त्याच्यावर बोट रोखून उभे होते.

नीलम मॅडम वाईट नव्हत्या. धर्मेश फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एक ओळ लिहून द्या, म्हणाल्या. दत्ताराम भोईर माझा सख्खा भाऊ आहे, संबंध नसल्याने मी नोंद केली नाही, माझी चूक झाली. खोक्याचं काम काढून घ्यावं लागेल, पण तुमची नोकरी मी वाचवते. नाहीतर संबंध खरोखरच नाहीत याचा काही पुरावा आणा. सोमवारपर्यंत. दोन्हीतलं काही आलं नाही तर माहिती दडवली म्हणून काढतील, आणि तसं काढलेल्या माणसाला पुढे कोणी गेटवरसुद्धा उभं करत नाही.

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. महिपतने पेन उचललं. 'दत्ताराम' लिहिलं. पुढे हात चालेना. कागदाची घडी करून त्याने खिशात टाकली आणि म्हणाला, सोमवारी देतो.

घरी द्वारकाला सगळं सांगावं लागलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, एक ओळ लिहायला हात झिजतो का तुमचा? मग आवाज चढवला, मग खाली आणला, मग शपथ घातली. महिपत भिंतीकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, खोक्यात काही खोट नव्हती, मग मी चूक झाली म्हणून का लिहू? हे खरं कारण नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

रविवारी सकाळी द्वारका त्याला न सांगता बसमध्ये बसली आणि राईला उतरली. शेडमध्ये दत्ताराम खोक्याला पिना मारत होता, शेजारच्या मुर्धा गावातल्या दोन बायका पुठ्ठे दुमडत होत्या, रुचिता कॉम्प्युटरवर बसली होती. अकरा वर्षांनी वहिनीला दारात पाहून त्याने मशीन बंद केलं. तिचं सगळं ऐकलं. एकच प्रश्न विचारला, त्याने पाठवलं की तू आलीस? तिने खरं ते सांगितलं, आपण होऊन आले म्हणून. तो थोडा वेळ पिनांच्या डब्याशी चाळा करत राहिला, मग रुचिताला म्हणाला, लेटरहेड काढ.

पत्र तीन ओळींचं झालं. महिपत हिराजी भोईर यांच्याशी माझे कौटुंबिक, आर्थिक अथवा बोलण्याचालण्याचे कोणतेही संबंध गेली अकरा वर्षे नाहीत. खाली सही आणि फर्मचा शिक्का. शिक्का जरा पसरला. दत्तारामने तो कागद फाडला आणि दुसरा छापायला लावला. डाग पडलेला कागद तो घेणार न्हाय, म्हणाला. द्वारकाने निघताना तिथे चहा घेतला.

महिपतने ते पत्र दोनदा वाचलं. बायको तिथे गेली म्हणून आकांडतांडव करेल अशी तिची अपेक्षा होती. त्याने 'संबंध नाहीत' या शब्दांवरून नुसता अंगठा फिरवला. तोंडाने हेच त्याने गावासमोर सांगितलं होतं, आणि आज दुसऱ्याने तेच लिहून दिलं तर गिळवेना. पण सोमवार दुसऱ्याच दिवशी होता. त्याने पत्र पाकिटात घातलं.

सोमवारी पत्र टेबलावर गेलं. त्याबरोबर महिपतने आणखी एक गोष्ट केली, जी करायला लागेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मोबाईल काढून चार वर्षांपूर्वीच्या गणपतीचा फोटो मॅडमसमोर धरला. फोटोवर तारीख होती. शेजारी दत्तारामच्या बायकोच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स ठेवली, ती गावातल्या एका चुलतभावाकडून मागवली होती. म्हणाला, "मॅडम, भावजय घरातून गेली आणि तिसऱ्या दिवशी मी गणपती बसवला. आमच्यात याच्यापेक्षा मोठा पुरावा नसतो."

मॅडम फोटोकडे बघत राहिल्या. समया, फुलांची कमान, मोदकांचं ताट. पेन त्यांनी खाली ठेवलं. हे मी कशाखाली लिहू, असं काहीसं त्या स्वतःशीच बोलल्या.

तेवढ्यात धर्मेशने पत्र उचलून उजेडात धरलं. "अकरा वर्षं बोलणं नाही," तो म्हणाला, "आणि लेटर एका दिवसात. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. मॅडम, माझे व्हेंडर मला साधं बिल आठ दिवसांनी देतात."

पत्रावर तारीख आदल्या दिवशीची होती. मॅडमनी विचारलं, हे कोणी आणलं? महिपत खोटं बोलला असता तर कदाचित निभावलं असतं. तो म्हणाला, बायकोने. ती त्यांच्या घरी गेली होती? हो. म्हणजे येणंजाणं आहे. महिपतने सांगायचा प्रयत्न केला, की अकरा वर्षांत पहिल्यांदाच, तेही या कागदासाठी. पण ते त्याच्याच कानाला पोकळ लागलं. नातं नाही हे लिहून घ्यायला माणूस नात्यातल्या घरीच गेला होता, आणि तिथल्या माणसाने मागितल्याबरोबर लिहून दिलं होतं. असं कोण कोणासाठी करतं? ते मॅडमना कळलं, धर्मेशला कळलं, आणि त्याच खुर्चीत बसून महिपतलाही कळलं.

शेवटचा उपाय म्हणून त्याने धर्मेशच्या साडूचं नाव घेतलं. बूड सुटलेला खोका, गडगडलेल्या बाटल्या, सगळं सांगितलं. मॅडमनी फॉर्मची छापील व्याख्या पुन्हा वाचली. नवरा-बायको, आईवडील, मुलं, सख्खी भावंडं. साडू त्यात येत नव्हता. धर्मेशने दरवर्षी 'लागू नाही' लिहिलं होतं आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

पंधरा दिवसांनी महिपतला पत्र आलं. नोकरीवरून कमी, कारण हेतुपुरस्सर माहिती दडवणे. चोवीस वर्षं ज्या गेटवर तो दर एकतीस मार्चला मोबाईल जमा करत होता, तिथे ओळखपत्र जमा केलं. स्टोअरमधले चार लोक हात मिळवायला बाहेर आले. क्वालिटीची मुलगी आली नाही, तिला अजून तिथेच नोकरी करायची होती. दत्तारामला वेगळं पत्र गेलं. काम रद्द, आणि तीन वर्षं कंपनीच्या कुठल्याही शाखेला माल पुरवायला बंदी. एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली शेड ती. मुर्ध्याच्या दोघी घरी बसल्या. खोक्यांचं काम साडूला मिळालं. त्याचे खोके आता कोणी दाबून बघत नाही.

सोसायटीत याच सुमारास ती लिफ्टवाली बातमी सुरू झाली. महिपत जिन्यात दिसला की लोक बाजूला होऊन मोबाईलमध्ये बघायचे. सेक्रेटरीने सोसायटीच्या खरेदी कमिटीतून त्याचं नाव गुपचूप काढलं. महिपतने विचारलंही नाही. भाजीवालीकडे जाऊन समोर येतील ते टोमॅटो पिशवीत घ्यायचा. ती बिचारी म्हणाली, दादा, दाबून घ्या की. हा आपला पुढे चालू लागला.

एका रविवारी सकाळी दत्ताराम नवदीपचा जिना चढून आला. द्वारकाने दार उघडलं आणि बाजूला झाली. दोघे भाऊ समोरासमोर बसले. दत्तारामने खिशातून कंपनीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. महिपतने कपाटातून स्वतःचं आणून त्याच्या शेजारी ठेवलं. दोन्ही पत्रांत एक वाक्य सारखंच होतं: हे दोघे सख्खे भाऊ असल्याचे निःसंशय सिद्ध झाले आहे.

दत्ताराम म्हणाला, "पिनांचा मशीन इकला."

महिपतने विचारलं, पुठ्ठे? तेही, तो म्हणाला. रुचिता मीरा रोडला एका दुकानात कामाला लागल्याचं सांगितलं. भांडायला आला असेल तर ते त्याला जमत नव्हतं.

शेवटी त्याने विचारलं, "पैल्या दिवशीच एक ओळ का न्हाय लिवलीस?"

"तुझं नाव लिहिलं होतं," महिपत म्हणाला. "पुढचं येईना."

"मना पन ता पत्र लिवताना जड गेला," दत्ताराम म्हणाला आणि उठला. चहा द्वारकाने केला होता, तो टेबलावर तसाच राहिला.

महिपत त्याला पोचवायला खाली आला. दोघेही मान खाली घालून लिफ्टमधून बाहेर पडले, आणि नेमक्या समोर हंसाबेन, हातात दुधाची पिशवी. त्यांनी दोघांची नाकं पाहिली, कपाळं पाहिली, चालायची ढब पाहिली. डोळे बारीक केले. मागे तीन जण लिफ्टसाठी उभे होते, त्यांनीही मोबाईल खाली घेतले.

"महिपतभाई, आ कोण छे?" हंसाबेननी विचारलं, आणि वर लाडात पुस्ती जोडली, "आपका तो कोई भाई नहीं था ना?"

दत्ताराम गेटकडे तोंड करून थांबला होता. महिपत म्हणाला, "हंसाबेन, हा माझा सख्खा भाऊ. चोवीस वर्षांची माझी नोकरी घेऊन कंपनीने सिद्ध करून दिलाय, आता मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"